पावसाची सुट्टी आणि शिष्यवृत्तीची हजेरी

छत्तीसगडमध्ये राजनांदगावकडे मोंगरा बराजचे दरवाजे उघडले की दुर्गजवळ शिवनाथ नदी फुगते, महमरा एनिकटवरून पाणी वाहू लागते आणि आसपासचे रपटे (ओढ्या-नदीवरचे ठेंगणे पूल) बंद होतात. दुर्गमधल्या बोरसीत राहून दुर्ग-भिलाईच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला याचा फारसा त्रास नसतो. फार तर चिखल तुडवावा लागतो. नदीपलीकडच्या खेड्यातून येणारी मुलगी मात्र रपट्यावरचे पाणी उतरेपर्यंत घरी बसते. दोघांची नावे एकाच हजेरीपटावर असतात आणि दोघांच्या शिष्यवृत्तीचा कागद एकाच क्लार्कच्या लॉगिनमधून पुढे जातो.

हवामानामुळे कॉलेज बंद राहिले, किंवा कॉलेज उघडे असून विद्यार्थी पोहोचू शकला नाही, तर त्याचा निर्वाह भत्ता, विद्यावेतन, मेसचे पैसे यांचे काय व्हावे? प्रश्न साधा दिसतो. पण अतिवृष्टी, पूर, उष्णतेची लाट आणि दुष्काळ या चारही गोष्टी आता दर दोन-तीन वर्षांनी शैक्षणिक वर्षात घुसू लागल्या आहेत आणि आपल्या योजनांचे नियम बहुतांशी त्याआधीच्या काळातले आहेत. या प्रश्नावर आज कोण काय म्हणते आणि काय अनिर्णित आहे, याचा हा आढावा.

भत्ता कशासाठी होता

आपल्याकडची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी सुरू झाली आणि पुढे जमातींनाही लागू झाली. तिच्यात शिक्षण शुल्काबरोबरच निर्वाह भत्ता होता, म्हणजे शिकताना पोट आणि खोली सांभाळण्याचे पैसे. जुन्या नियमावल्यांत या भत्त्याविषयी दोन कलमे वर्षानुवर्षे शेजारी नांदत आली. एका कलमानुसार भत्ता प्रवेशाच्या महिन्यापासून परीक्षा संपेपर्यंत देय आहे, आणि त्यात सुट्ट्यांचा काळही धरलेला आहे. दुसऱ्यानुसार विद्यार्थी स्वतःच्या कसुरीने मागे पडला, संपात उतरला किंवा परवानगीशिवाय अनियमित राहिला, तर शिष्यवृत्ती थांबवता किंवा रद्द करता येते.

दोन्ही कलमे नीट वाचली तर पावसाच्या सुट्टीचे उत्तर त्यांत जवळपास मिळते. सुट्टीत भत्ता चालू असतो आणि पूर ही विद्यार्थ्याची कसूर नाही. आजारपण किंवा अचानक उद्भवलेल्या कारणाने वार्षिक परीक्षा हुकली, तर पुरेसा पुरावा आणि प्राचार्यांचा दाखला घेऊन पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती चालू ठेवण्याची तरतूदही होती. मूळ कल्पना उदारच होती. अडचण पुढे आली, ती भत्त्याच्या दाराशी हजेरीची टक्केवारी उभी राहिल्यावर.

टक्केवारी आली त्यालाही कारण होते. नावापुरता प्रवेश, कागदोपत्री विद्यार्थी आणि त्यांच्या नावावर उचललेले पैसे असे प्रकार राज्याराज्यांत उघडकीस आले होते. पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात आणि अट हजेरीची, हा त्यावरचा प्रशासकीय उपाय. महाराष्ट्रात भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला पन्नास टक्के पुरते. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोघांना दोन वेगळे उंबरठे, आणि पाऊस मात्र दोघांना सारखाच.

दिवसाचा हिशेब

वादाच्या मुळाशी असलेली रक्कम एकदा मांडून पाहायला हवी. केंद्राच्या २०२१ नंतरच्या रचनेत अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत निर्वाह भत्त्याचे नाव शैक्षणिक भत्ता झाले आणि तो वर्षाला एकरकमी ठरला. व्यावसायिक पदवीच्या पहिल्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला १३,५०० रुपये, घरून येणाऱ्याला ७,००० रुपये. साध्या बी.ए., बी.एस्सी.सारख्या पदवीच्या तिसऱ्या गटात अनुक्रमे ६,००० आणि ३,००० रुपये. म्हणजे घरून येणाऱ्या बी.एस्सी.च्या मुलाचा भत्ता, दहा महिने धरले, तर दिवसाला दहा रुपये पडतो. आठवडाभर कॉलेज बंद राहिले आणि कोणी काटेकोरपणे कापायचेच म्हटले, तर सत्तर रुपये.

स्वाधारमध्ये रक्कम मोठी आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, त्यातले ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे आणि ८,००० निर्वाहाचे. इतर महापालिका क्षेत्रांत ५१,००० आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुराच्या पाल्याला सुरुवातीला मोठ्या शहरांत दहा महिन्यांचे ३०,००० रुपये आणि इतरत्र २०,००० रुपये मिळत.

या योजनांत रोजचा हिशेब कोणी करत नाही. पैसे हप्त्याने येतात आणि बहुधा उशिरा येतात. त्यामुळे 'बंद दिवसाचे पैसे कापले' अशी तक्रार आपल्याकडे जवळजवळ ऐकू येत नाही. ऐकू येते ती 'हजेरीमुळे अर्ज त्रुटीत पडला' ही. पूर दिवसाचे दहा रुपये नेत नाही. टक्का एकदा पंचाहत्तरच्या खाली घसरला की सबंध वर्षाचा हप्ता अडतो.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला होता. तिथे २००४ पासून कमी उत्पन्नाच्या घरांतल्या सोळा वर्षांवरील विद्यार्थ्यांना आठवड्याला १०, २० किंवा ३० पौंड मिळत, आणि तो आठवडा पूर्ण हजर राहिले किंवा गैरहजेरी संस्थेने मान्य केली तरच. २००९ आणि २०१० च्या हिवाळ्यांत बर्फाने कॉलेजे बंद पडली, तेव्हा त्या आठवड्याचे पैसे येणार का, ही विद्यार्थ्यांची सरळ विचारणा होती आणि उत्तर कॉलेजने बंद दिवस कसा नोंदवला यावर अवलंबून होते. पुढे २०११ मध्ये इंग्लंडने ही योजनाच गुंडाळली आणि गरजेनुसार कॉलेजमार्फत मदत देणारा निधी आणला. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडने ती चालू ठेवली. साप्ताहिक पद्धतीत नुकसान लहान असते पण लगेच कळते. आपल्या वार्षिक पद्धतीत ते मोठे असते आणि सहा महिन्यांनी, पोर्टलवर, कळते.

बंद, उघडे आणि अर्धे उघडे

कॉलेज बंद करण्याचा अधिकार प्रत्यक्षात जिल्हाधिकारी वापरतात, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून. मोठ्या शहरांत महापालिकाही सुट्टी जाहीर करते. असा आदेश निघाला की हजेरीचा प्रश्न मिटतो, कारण त्या दिवशी तास झालेच नाहीत. झालेल्या तासांपैकी किती तासांना हजर, असा हिशेब असल्याने बंद दिवस बेरजेतही नाही आणि भागाकारातही नाही.

गुंता आदेशाच्या कडेला आहे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत दुपारच्या सत्राला सुट्टी जाहीर झाली. सकाळचे सत्र तोवर भरलेले होते. कल्याण-कर्जतकडून निघून लोकल अडकल्यामुळे न पोहोचलेल्या मुलाची सकाळची गैरहजेरी अशा दिवशी नोंदली जाऊ शकते. दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेजे पूर्ण बंद होती, तेव्हा कोणाचेच काही बिघडले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी शहरांत होते तोवर सगळे बंद होते. पाणी ओसरून वर्ग सुरू झाले तेव्हा शिरोळ तालुक्यातली कितीतरी कुटुंबे छावणीतून परतून गाळ उपसत होती. कॉलेज उघडले म्हणजे विद्यार्थी मोकळा झाला असे नाही.

दुर्गच्या रपट्याचेही तसेच. शहरात ऊन पडलेले असताना पलीकडचे गाव तुटलेले असू शकते. जिल्ह्यासाठी एक आदेश काढणाऱ्या यंत्रणेला हा फरक दिसत नाही, आणि दिसला तरी त्यासाठी वेगळा आदेश काढायची पद्धत नाही. माझ्या मते या सगळ्या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित दिवस हाच.

उन्हाळ्याची गोष्ट थोडी निराळी. छत्तीसगडमध्ये २०२४ साली शाळांची उन्हाळी सुट्टी अलीकडे ओढून २२ एप्रिलपासूनच दिली गेली. विदर्भातही शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. कॉलेजांना मात्र अशी सरसकट सवलत क्वचित मिळते, कारण एप्रिल-मे हा त्यांचा परीक्षांचा हंगाम. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, पेपर देणारा विद्यार्थी हजेरीच्या कक्षेबाहेर गेलेला असतो; त्याचा प्रश्न मेस बंद झाल्यावर खायचे कुठे, हा असतो.

चार भूमिका

पहिली भूमिका सरळ आहे: शासनाच्या आदेशाने किंवा सिद्ध झालेल्या आपत्तीमुळे जो दिवस गेला, त्या दिवशी विद्यार्थी हजर समजावा. याला भक्कम पूर्वाधार आहे. एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत विद्यापीठ अनुदान आयोगाने कोविडच्या टाळेबंदीचा काळ सर्व विद्यार्थ्यांसाठी आणि संशोधकांसाठी हजेरीचा मानता येईल असे म्हटले होते. देशभरासाठी जे करता आले ते एका तालुक्यासाठी का नाही, असे विद्यार्थी संघटना विचारतात. आक्षेप असा, की टाळेबंदीची तारीख सर्वांना एक होती. रपटा कोणत्या दिवशी किती वाजता बंद झाला हे ठरवायचे कोणी? तलाठ्याने (छत्तीसगडात पटवाऱ्याने) की प्राचार्यांनी?

दुसरी भूमिका शिक्षणसंस्थांच्या आणि लेखापरीक्षकांच्या बाजूची. सार्वजनिक पैसा शिकण्यासाठी दिला आहे, तेव्हा बुडालेले तास भरून काढा आणि भत्ता द्या. आयोगाच्या निकषानुसार वर्षाला किमान १८० अध्यापनदिवस व्हायला हवेत. पावसाने दहा दिवस खाल्ले तर सत्र वाढवावे किंवा रविवारी तास घ्यावेत. यात तथ्य आहे. वर्ग न होताच सगळे हजर झाले तर शिकवणे कागदावरच राहील. पण सत्र वाढले की खोलीभाडे वाढते, मेसचा एक महिना वाढतो आणि भत्ता मात्र दहा महिन्यांचाच असतो. भरपाईचा खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून जातो, हे या भूमिकेचे समर्थक सहसा सांगत नाहीत.

तिसरी भूमिका तंत्रज्ञानाची: कॉलेज बंद असले तरी तास ऑनलाइन घ्या, हजेरी तिथेच लावा. कोविडच्या दोन वर्षांत याचा भरपूर अनुभव आला. अतिवृष्टीत वीज आणि टॉवर सर्वांत आधी जातात, आणि सर्वाधिक भत्त्यावर अवलंबून असलेल्या घरात फोन एक आणि शिकणारी भावंडे दोन-तीन असतात. हा पर्याय शहरी खाजगी संस्थांत चालतो. शिष्यवृत्तीची अट म्हणून तो लावला तर ज्याच्यासाठी शिष्यवृत्ती आहे तोच बाहेर पडेल.

चौथी भूमिका हजेरी आणि निर्वाह यांची गाठच सोडवायला सांगते. भूक हजेरीप्रमाणे कमी-जास्त होत नाही, म्हणून निर्वाहाचे पैसे दरमहा, अटीविना द्यावेत आणि अभ्यासाची परीक्षा परीक्षेतच घ्यावी. हजेरीची सक्ती मुळातच किती ताणावी, यावर न्यायालयांतही विचार चालू आहे; नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विधी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना केवळ हजेरी कमी म्हणून परीक्षेपासून रोखू नये, असा निर्णय दिला. मात्र तो परीक्षेपुरता आहे, भत्त्याला तो आपोआप लागू होत नाही. वित्त विभागांना ही भूमिका धास्तीची वाटते, कारण बोगस विद्यार्थ्यांविरुद्धचे त्यांचे मुख्य हत्यार हजेरी हेच आहे.

संपासाठी नियम आहे

या चर्चेत एक शेजारचे क्षेत्र सहसा निसटते. भिलाईत ते निसटू नये. पोलाद कारखान्याच्या शहरात आयटीआय करून अॅप्रेंटिस होणे हा शिक्षणाचाच एक राजमार्ग आहे. अॅप्रेंटिसशिपच्या नियमांत २०१९ च्या दुरुस्तीनंतर पात्रतेनुसार दरमहा किमान ५,००० ते ९,००० रुपये विद्यावेतन ठरले. शिवाय १९९२ च्या नियमावलीत एक लक्षणीय तरतूद आहे: संप, कारखान्याची टाळेबंदी किंवा ले-ऑफमुळे प्रशिक्षण खंडित झाले आणि त्यात अॅप्रेंटिसचा हात नसेल, तर तेवढा काळ प्रशिक्षण वाढवावे आणि खंडाच्या काळात, कमाल सहा महिने, विद्यावेतन चालू ठेवावे.

म्हणजे कामगार आणि मालक यांच्या भांडणात प्रशिक्षणार्थी उपाशी राहू नये, याचा विचार नियम करणाऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी केला होता. पाऊस, पूर, उष्णतेची लाट यांचे नाव त्या कलमात नाही. शब्द बदलून हेच कलम शिष्यवृत्त्यांना लावता येईल का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. काळही वाढतो आणि पैसाही चालू राहतो, म्हणून पहिल्या दोन भूमिकांचा मेळ त्यात आपोआप बसतो.

उलट टोकाला 'कमवा व शिका' आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतली ही योजना महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत अजून चालते आणि तिच्यात कामाच्या तासाप्रमाणे पैसे मिळतात. ग्रंथालय बंद, बाग पाण्यात, म्हणजे काम नाही आणि मोबदलाही नाही. योजनेच्या तत्त्वात ते बसते. मेसच्या बिलात बसत नाही.

दुष्काळाने काय शिकवले

पुरापेक्षा दुष्काळाशी महाराष्ट्राच्या शासनाची ओळख जुनी, म्हणून तिथे काही ठरलेल्या सवलती तरी आहेत. दुष्काळ जाहीर झाला की शेतसारा, कर्जाचे पुनर्गठन, पंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट यांच्या रांगेत शाळा-महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्क माफी येते. ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत आणि २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा ही सवलत लागू झाली. २०१८ च्या हंगामात एसटीच्या विद्यार्थी पासवर असलेल्या ६६.६७ टक्के सवलतीनंतर उरणारा तिसरा हिस्साही माफ करून पास मोफत केला गेला. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुराने हाहाकार केल्यावर ७ ऑक्टोबरला जाहीर झालेल्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजसोबत दुष्काळासारख्याच सवलती द्यायचे ठरले, त्यांत परीक्षा शुल्क माफीही होती.

या सवलतींचा गाभा शुल्कमाफीचा आहे, निर्वाहाचा नाही. शिवाय दुष्काळात कॉलेज बंद पडत नाही. पुण्यात सगळे सुरळीत चालू असते. बंद पडते ते धाराशिव (उस्मानाबाद) किंवा बीडहून महिन्याला येणारे पैसे. २०१८-१९ मध्ये पुण्यातल्या मराठवाड्याच्या मुलांची जेवणाची ओढाताण झाली आणि स्वयंसेवी गटांनी डबे पुरवले, ते याच कारणाने. हवामान घरी बिघडते आणि झळ दोनशे-तीनशे किलोमीटरवरच्या मेसमध्ये लागते. कॉलेज बंद होते की नाही एवढ्यावर मदत बेतली तर हा विद्यार्थी कुठल्याच यादीत येत नाही.

आपत्ती निधीचे निकषही कुटुंबाकडे पाहतात. घर वाहून गेले तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये आहेत. पुस्तके, लॅपटॉप, बुडालेले सत्र यांना त्यात स्वतंत्र रकाना नाही.

शाळेच्या ताटाचा दाखला

शाळेच्या पातळीवर कायदा पुढे गेला आहे. मध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमांत, कोणत्याही शालेय दिवशी कोणत्याही कारणाने जेवण मिळाले नाही, तर राज्याने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाइतका अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा आहे. शब्द 'शालेय दिवस' असा असल्याने पावसाने जाहीर झालेली सुट्टी त्यात मोडते का, असा वाद घालता येतो. पण २०२० मध्ये शाळा बंद असताना केंद्राने हाच भत्ता द्यायला सांगितले, आणि दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही भोजन द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये बजावले. आठवीनंतर हा हक्क संपतो. अकरावीच्या, आयटीआयच्या, बी.एस्सी.च्या मुलाला भूक तेवढीच, पण तिच्या पाठीशी कायदा नाही.

अजून सुटलेले नाही

सर्वांत पहिला प्रश्न पुराव्याचा. उघड्या कॉलेजात न पोहोचलेल्या विद्यार्थ्याला कोणाचा दाखला पुरावा? ग्रामपंचायतीचा, एसटी आगाराचा, की नदीच्या पातळीची सरकारी नोंद? बायोमेट्रिक हजेरी वाढत चालली आहे, आणि यंत्राला 'मान्य गैरहजेरी' हा प्रकार कोणी शिकवल्याशिवाय कळत नाही. प्राचार्यांना तो अधिकार द्यावा, हा सोपा मार्ग आहे. त्यात मर्जीचा धोका आहे, तरी आज जे चालते त्यापेक्षा तो मला कमी वाटतो.

दुसरा वेळेचा. महाराष्ट्राच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, संस्थेची पडताळणी, जिल्हा कार्यालयाची मंजुरी आणि शेवटी विद्यार्थ्याने रक्कम रिडीम करणे, एवढे टप्पे आहेत. पुरात उत्पन्नाचा दाखला आणि पासबुक गेले की पहिला टप्पाच लांबतो. मुदतवाढ दरवर्षी मिळते, मेसवाला मुदतवाढ देत नाही. अशा वेळी महिन्या-दोन महिन्यांच्या खर्चाइतका आगाऊ हप्ता कॉलेजच्याच हातून द्यावा आणि पुढे मुख्य रकमेतून वळता करावा, अशी सूचना अधूनमधून होते. निधी कोणाचा, जबाबदारी कोणाची, इथे ती थांबते.

तिसरा प्रश्न सीमेवरच्यांचा आहे आणि बोरसीतल्या मराठी घरांना तो ओळखीचा वाटेल. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी ज्या राज्याचा रहिवासी, ते राज्य देते, शिकायला तो दुसऱ्या राज्यात असला तरी. भिलाईचा मुलगा नागपूरला शिकत असेल तर सुट्टीचा आदेश नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांचा, हजेरी नागपूरच्या कॉलेजची आणि पैसे छत्तीसगडचे. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या ढगफुटीसदृश पावसात अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्या दिवशी खोली बुडालेल्या अशा विद्यार्थ्याने नंतरच्या आठवड्याची गैरहजेरी रायपूरला कोणत्या कागदाने समजावून द्यायची, याची पद्धत दोन्ही राज्यांपैकी कोणीही लिहून ठेवलेली दिसत नाही.